श्रीवर्धनची घरवाडी : वारसा कागदाचा की लागवडीचा?

श्रीवर्धनास प्रथमच येणारा पाहुणा बहुधा दोन गोष्टी विचारतो. पेशव्यांचे मूळ घर कोठे होते, ही एक. आणि चांगली रोठा सुपारी कोणाकडे मिळेल, ही दुसरी. पहिला प्रश्न इतिहासाचा व दुसरा बाजाराचा, असे समजून लोक त्यांस निरनिराळी उत्तरे देतात. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तूविषयी आहेत. ती वस्तू म्हणजे आपली घरवाडी. पुढे राहते घर, मागे विहीर, आणि त्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेली माड-पोफळींची बाग, असा हा एकजीव संसार आहे. श्रीवर्धनातील जुन्या घराण्यांनी मागे ठेवलेली खरी मिळकत ती हीच.

आम्ही आपली उमेद महसूल खात्याच्या कारकुनीत घालविली. वाड्यांचे उतारे, फेरफार व वारसांच्या नोंदी लिहिण्यात आमची वर्षे गेली. त्यामुळे जुने घराणे म्हटले की इतरांस पराक्रम आठवतात, पण आम्हांस प्रथम जमिनीचा कागद आठवतो. त्याच दृष्टीने घरवाडीच्या वारशाचा विचार या लेखात करावयाचा आहे. वारसा कागदात असतो, वास्तूत असतो, की लागवडीत असतो, हा प्रश्न आज किनाऱ्यावरील प्रत्येक खातेदाराच्या दारी उभा आहे.

आगर म्हणजे काय

आपल्या किनाऱ्यावरील गावांच्या नावांतच त्यांच्या वसाहतीचा इतिहास साठविलेला आहे. श्रीवर्धनच्या उत्तरेस दिवेआगर आहे. आगर म्हणजे माड-पोफळींची बाग. दिवेआगरास सापडलेला ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. तेव्हा या पट्टीत बागा करून राहणारी वस्ती निदान साडेनऊशे वर्षांची जुनी आहे, असे समजण्यास प्रत्यवाय नाही. दक्षिणेस हरिहरेश्वर व सावित्रीची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस डोंगर, यांच्यामध्ये सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. भाताची शेते डोंगराच्या बाजूस, वाड्या समुद्राच्या बाजूस, आणि घरे या दोहोंच्या मध्ये, अशी सर्वसाधारण रचना आपल्याकडे दिसते.

वाडीची जमीन वाळूमिश्रित. पावसाळ्यात तीत पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात ओल राहत नाही. अशा जमिनीत पहिल्या वसाहतवाल्याने काय केले असेल? प्रथम विहीर खोदली असेल, कारण समुद्राच्या इतक्या जवळ असूनही वाळूखाली थोड्याच खोलीवर गोडे पाणी लागते. मग वाऱ्याच्या बाजूस कुंपण घालून आडोसा केला असेल. मग केळी लावून सावली केली असेल, व त्या सावलीत पोफळीची रोपे लावली असतील. पोफळ लावणाऱ्यास फळ मिळावयास सहा-सात वर्षे थांबावे लागते. माडाचीही तीच कथा. जो मनुष्य सहा-सात वर्षांनी मिळणाऱ्या फळासाठी आज रोज पाणी घालतो, तो त्या गावात राहण्याच्या निश्चयानेच आलेला असतो. म्हणून आमच्या मते मूळ रहिवासी कोण, याची कसोटी आडनावापेक्षा लागवडीने करावी.

भट देशमुखांचे घर

आता पेशव्यांच्या घराण्याकडे वळू. बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे श्रीवर्धनचे. दंडाराजपुरी व श्रीवर्धन या महालांची देशमुखी त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती. देशमुख म्हणजे नुसता मानकरी नव्हे. परगण्याची लावणी-संचणी करणे, पडीत जमिनीवर कुळे आणून बसविणे, जमाबंदीच्या वेळी सरकार व रयत यांच्यामध्ये उभे राहणे, ही त्याची कामे होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर शेतकी व महसूल अशा दोन्ही खात्यांचा भार त्याच्यावर असे.

मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होता. सिद्दीचे व भट घराण्याचे वाकडे आले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरच्या काळात बाळाजीपंतांस घर, वाडी व वतन सोडून घाटावर जावे लागले. या प्रवासात वेळासच्या भानू घराण्याने त्यांस साथ दिली. नाना फडणीस पुढे याच घराण्यात झाले. बाळाजीपंतांनी चिपळूणकडे मिठागरावर कारकुनी केली असेही सांगतात. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली महसुलाचे काम, मग पुण्याची सरसुभेदारी, आणि १७१३ साली शाहू महाराजांकडून पेशवेपद, अशी त्यांची चढण आहे. तलवारीपेक्षा हिशेबाच्या वहीवर वर आलेला हा पुरुष आहे, हे आमच्यासारख्या जुन्या कारकुनाने अभिमानाने सांगितले तर वाचक क्षमा करतील.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम म्हणजे १७१९ च्या सनदा. दिल्लीच्या बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी त्यांनी मिळविली. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा व सरदेशमुखी म्हणजे दर शेकडा दहा. एका महालाची देशमुखी गमावलेल्या घरातील मनुष्याने सबंध दक्षिणेची सरदेशमुखी आपल्या धन्यास मिळवून दिली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. देशमुखीचे काम म्हणजे काय, हे ते घरीच शिकले होते. १७२० मध्ये बाळाजीपंत वारले.

तथापि श्रीवर्धनच्या दृष्टीने पाहता गोष्ट येथे संपत नाही. पेशव्यांचे राज्य अटकेपार गेले व १८१८ साली बुडाले. श्रीवर्धन मात्र त्यानंतरही जंजिरा संस्थानातच राहिले. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले, तेव्हा आपला मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. त्याच जिल्ह्याचे १९८१ पासून रायगड असे नाव झाले. परगणे व कुळकर्णी वतने निर्मूलनाचा कायदा १९५० चा. त्याने देशमुखी ही वस्तूच कायद्यातून नाहीशी केली. ज्या हक्कासाठी घराणी पिढ्यान् पिढ्या भांडली, तो हक्क आज कोणत्याही दप्तरात चालू नोंद म्हणून सापडावयाचा नाही.

घराचेही तेच. आज श्रीवर्धनात बाळाजी विश्वनाथांचा पुतळा व स्मारक आहे, आणि लोक तेथे आदराने जातात, जावेच. पण ते स्मारक आहे, नांदते घर नव्हे. तेथे चुलीचा धूर नाही, विहिरीवर कोणी पाणी भरीत नाही. मग त्या काळचे काय टिकले? टिकली ती सुपारी. १८८३ साली छापलेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या सरकारी गॅझेटिअरात श्रीवर्धनच्या सुपारीच्या व्यापाराचा उल्लेख आहे. त्याच पुस्तकात जुन्या युरोपीय प्रवाशांनी या गावास जिफर्दान म्हटल्याचेही सांगितले आहे. राजे बदलले, दप्तरे बदलली, जिल्ह्याचे नाव बदलले. श्रीवर्धनची रोठा सुपारी या नावास मात्र बाजारात अजून किंमत आहे. हे नाव कोणा एका देशमुखाने राखलेले नाही. ज्या ज्या घराने पडलेल्या पोफळीच्या जागी नवे रोप लावले, त्या सर्वांनी ते राखले आहे.

घर व वाडी यांचा व्यवहार

जुनी घरवाडी नीट न्याहाळून पाहिली तर तीत वाया जाणारी वस्तू सापडणे कठीण. घराचे जोते व भिंती जांभ्या चिऱ्याच्या. पुढे अंगण, ओटी व पडवी, आत माजघर व देवघर, वर माळा. माळ्यावर भात, नारळ व सोलावयाची सुपारी ठेवावयाची. न्हाणीचे पाणी केळींस जावयाचे. गोठा विहिरीच्या वाटेवर, म्हणजे शेण वाडीस देण्यास लांब जावे नको. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून पावसाळ्यात भिंतींस आडोसा करावयाचा. पोफळीच्या विऱ्यांत वस्तू बांधावयाच्या, सोडणे जाळावयाची, आणि जुनी पोफळ पडली की तिचे खोड चिरून मांडवास व पन्हळीस वापरावयाचे. घर वाडीतून दुरुस्त होई व वाडी घरातून पोसली जाई.

पाण्याची व्यवस्था रहाटाची. बैल किंवा रेडा फिरे, लोटे पाणी वर आणीत, ते पाटाने आळ्या-आळ्यांतून जाई. आता रहाट गेले व विजेचे पंप आले. त्यात खेद करण्यासारखे काही नाही. पण रहाटाचा एक गुण सांगितला पाहिजे. जनावर थकले की पाणी थांबे, त्यामुळे विहिरीचा उपसा आपोआप मर्यादेत राही. समुद्रालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा अतोनात झाला की खालचे खारे पाणी वर चढते, व एकदा विहीर खारट झाली की पोफळीचे शेंडे पिवळे पडू लागतात. पंपाने जनावराचे कष्ट वाचले, तशी मर्यादा पाळण्याची जबाबदारी मालकाच्या अंगावर आली. ठिबकाने पाणी दिल्यास ती मर्यादा पाळणे सोपे जाते.

जुन्या वाडीत एकाच जमिनीवर तीन-चार मजल्यांचे पीक असे. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढविलेला मिरवेल, मध्ये जायफळ, खाली केळी, अननस व अळू. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, आणि त्याच्या भाट्ये येथील नारळ केंद्राने माडाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ वगैरे घेण्याची जी लाखी बाग रूढ केली, तीत आपल्या पूर्वजांच्या या पद्धतीसच मोजमापाचे शास्त्र जोडलेले आहे. श्रीवर्धनात त्याच विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. श्रीवर्धनी या नावाची सुपारीची सुधारलेली जात तेथूनच पुढे आली.

३ जून २०२०

या सर्व व्यवस्थेची खरी परीक्षा निसर्ग चक्रीवादळाने घेतली. ३ जून २०२० रोजी दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर असल्याचे हवामान खात्याने नमूद केले आहे. काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर व आसपासच्या गावांतील माड-पोफळी मोडून पडल्या, कौले व पत्रे उडाले, वाटा बंद झाल्या, आणि कित्येक गावांत वीज येण्यास दिवसच्या दिवस लागले. त्यातच तो करोनाच्या टाळेबंदीचा काळ. मुंबईतील मुलांस येणे कठीण.

येथे पोफळीचा एक धर्म ध्यानात घेतला पाहिजे. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. माडास व पोफळीस वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्यात. शेंडा मोडला की झाड मेले. खालून फूट येत नाही. म्हणून वादळात पडलेल्या वाडीचे नुकसान एका हंगामाचे नसते. नवे रोप फळास येईपर्यंतची सर्व वर्षे त्यात धरावी लागतात, शिवाय त्या पोफळीवरील मिरवेल व तिच्या सावलीतील जायफळही उघडे पडून करपते.

नुकसानभरपाईच्या वेळी दुसरी एक अडचण उघडकीस आली. सरकारने फळबागांस प्रथम हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. घाटावरील मळ्यास हे माप चालते. आपल्या वाड्या गुंठ्यांत मोजावयाच्या. समजा वाडी २० गुंठ्यांची, तीत २०० पोफळी व १५ माड पडले. क्षेत्राच्या हिशेबाने हाती सुमारे १०,००० रुपये येणार. मग बागायतदारांनी झाडावर भरपाई मागितली, आणि पोफळीस झाडामागे ५० व माडास २५० रुपये असा दर ठरला. त्याच वाडीस या हिशेबाने पोफळींचे १०,००० व माडांचे ३,७५० मिळून १३,७५० रुपये होतात. वर्षानुवर्षे वाढविलेल्या झाडास पन्नास रुपये ही किंमत नव्हे, हे कोणीही सांगेल. पण झाड मोजावे, क्षेत्र नव्हे, हे तत्त्व मान्य झाले, ही गोष्ट लहान नाही.

याहून कठीण गोष्ट पुढेच होती. ते १३,७५० रुपये घ्यावयाचे कोणी? सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, किंवा आजोबांच्या खाली पंधरा-वीस नावे. त्यांपैकी वाडीत राहणारा एक. बाकीचे मुंबई, पुणे व त्याही पलीकडे. रक्कम एकाच्या खात्यात जमा करावयाची तर इतरांची संमती पाहिजे. कोणाचा पत्ता नाही, कोणी वारला पण त्याच्या वारसांची नोंद नाही, कोणी रागावलेला आहे. आमच्या पाहण्यात अशी एक वाडी आहे की, तिच्या कागदावर अठरा नावे आहेत आणि पडलेली खोडे उचलण्यास तेथे एकच म्हातारी विधवा होती. तिने मजूर लावून वाडी साफ केली व पहिल्या पावसात शंभरावर रोपे लावली. तिचे स्वतःचे नाव उताऱ्यावर नव्हते. यजमान वारल्यास अकरा वर्षे झाली होती आणि वारस नोंद कोणी केलीच नव्हती.

वारसा कागदाचा की लागवडीचा, हा प्रश्न या एका उदाहरणाने स्पष्ट होतो. कागदावरील अठरा नावांनी एकही झाड लावले नाही. जिने लावली तिला कागदाने ओळखले नाही. यातून कागद निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कागद बरोबर असता तर त्या बाईस मदत मिळण्यास अडचण पडली नसती. लागवड हा वारशाचा जीव आहे, आणि कागद हे त्याचे कुंपण आहे. कुंपणावाचून वाडी राहत नाही, आणि नुसत्या कुंपणास फळ येत नाही.

काय करावे

आमच्या अनुभवाने काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट कागदाची. घरातील कर्ता मनुष्य वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांची वर्दी तलाठ्याकडे द्यावी, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत सांगितले आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत, किंवा वाटणी होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे; ती केवळ कोण वारस आहेत याची दप्तरास दिलेली माहिती होय. पत्नी व मुली यांची नावे वगळू नयेत. मुलींचा हक्क आपल्या राज्यात १९९४ च्या व सर्व देशात २००५ च्या कायद्याने मुलांच्या बरोबरीचा झालेला आहे. बहिणीस केवळ हक्कसोड पत्रावर सही करण्यापुरते माहेरी बोलावणे हे घराण्यास शोभणारे नाही. तिचे नाव राहू द्यावे आणि दर वर्षी नारळ-सुपारीतील तिचा भाग तिला पोचवावा; अशी बहीण अडचणीच्या वेळी संमती देण्यास कधी मागे राहावयाची नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. वीस गुंठ्यांच्या वाडीचे पाच तुकडे केले तर विहीर एकाकडे, वाट दुसऱ्याकडे व पाट तिसऱ्याच्या कुंपणात जातो, आणि पाचही जण नाडले जातात. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे क्षेत्रमान वेळोवेळी बदलत आलेले आहे, ते तहसील कचेरीत विचारून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. वाटणी अटळच असेल तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडून कलम ८५ अन्वये करून घ्यावी, आणि विहीर, पाट व वाट ही सामाईक असल्याचे स्पष्ट लिहून ठेवावे. आमचे मत मात्र असे की, जमीन न वाटता उत्पन्न वाटावे. जो भाऊ वाडीत राहतो त्यास प्रथम मेहनतीचा व खताचा खर्च द्यावा, उरलेले सर्वांनी वाटून घ्यावे, व हे सर्व लिहून सर्वांनी सही करावी. तोंडी बोलणे एका पिढीपुरते चालते. नातवंडांस ते ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट झाडांच्या नोंदीची. सातबाऱ्यातील बारा हा भाग पिकांचा. त्यात माड व पोफळी यांची संख्या बरोबर लागलेली आहे किंवा नाही, हे दर वर्षी पाहावे. २०२१ पासून खातेदारास स्वतःच्या मोबाईलवरून पीक पाहणी नोंदविता येते. ज्याला ते जमत नसेल त्याने घरातील शाळकरी मुलास हाताशी घ्यावे. वादळानंतर पंचनामा करणाऱ्यासमोर शंभर झाडे पडली असे सांगण्यापेक्षा शंभर झाडांची आधीची नोंद दाखविणे केव्हाही बरे.

चौथी गोष्ट लागवडीची. पोफळीची रोपे मिळेल तेथून आणू नयेत. आपल्याच वाडीतील, भर वयातील, दरसाल भरून धरणारी झाडे हेरून ठेवावी व त्यांचीच पूर्ण पिकलेली फळे बियाण्यास घ्यावी. फळे पाण्यात टाकावी. देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगणारी फळे रोपांस उत्तम. दीड वर्षाचे रोप झाले की नऊ फुटांवर, म्हणजे २.७ मीटरवर लावावे. माडास साडेसात मीटर अंतर पाहिजे. बाणवली जात आपल्या हवेस मानवलेली आहे. नव्या रोपास पश्चिमेच्या उन्हाची झळ लागू नये म्हणून आधी केळी लावावी. पावसाळ्यात कोळे रोगाने फळे गळतात. त्याकरिता पाऊस सुरू होण्यापूर्वी एक व पुढे सुमारे दीड महिन्याने, उघडीप पाहून, दुसरी अशा बोर्डो मिश्रणाच्या दोन फवारण्या कराव्या. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. जायफळ लावावयाचे तर कलमेच घ्यावी, कारण बियांपासून झालेल्या झाडांत बरीचशी नर निघून फळावाचून जागा अडवितात.

समुद्राच्या बाजूचे कुंपण विसरू नये. उंडी, केवडा व सुरू यांची दाट रांग वाऱ्याचा पहिला तडाखा आपल्या अंगावर घेते. पुळणीवरील अशी झाडे तोडून समुद्र दिसेल अशी जागा मोकळी करण्याची हौस हल्ली वाढली आहे. समुद्र दिसतो तेथून वाराही येतो.

पाचवी गोष्ट घराची. पर्यटक येतात, त्यांस घरगुती राहण्याजेवणाची सोय करून चार पैसे मिळविण्यात काही गैर नाही. पण पाहुणा येतो तो वाडीसाठी, हे विसरून वाडी तोडून त्या जागी खोल्या बांधणे म्हणजे दुभती गाय विकून दुधाचे भांडे घेण्यासारखे आहे. वाडी विकून टाकण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी एवढाच हिशेब करावा की, विकलेल्या जमिनीचे पैसे किती वर्षे पुरतील, आणि नीट राखलेली पोफळ किती वर्षे फळ देईल. पोफळ साठ वर्षे जगते.

श्रीवर्धनच्या देशमुखांचे वतन गेले, वाडा गेला व राज्यही गेले. यांपैकी एकही गोष्ट परत आणणे कोणाच्या हाती नाही, आणि तशी गरजही नाही. परंतु ज्या मातीत ते घराणे वाढले तिच्यातील विहीर, आगर व सुपारीचे नाव ही आपल्या ताब्यात आहेत. तेव्हा आपल्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या मृगापूर्वी प्रत्येकाने आपल्या वाडीतील रिकामी आळी मोजावी, तितकी रोपे सांगून ठेवावी, आणि त्याच आठवड्यात सातबाऱ्याचा उतारा काढून त्यावरील नावे वाचावी. जी माणसे वारली त्यांच्या वारसांची वर्दी द्यावी. हे काम झाल्यावर मगच आपल्या घराण्याची थोरवी पाहुण्यांस सांगावी.